रसायनांतील उतारा

शंभर टन उसांतून अकरा टन साखर पडली, तर साखरेचा उतारा शेंकडा 11 आला असें आपण म्हणतों व तो चांगला समजतों. पण श्रोतेहो, रसायनशाळेंत शेंकडा 11 उतारा आला, तर विद्यार्थी मान खालीं घालून घरीं येईल. हा फरक कां? कारखाना साखरेला सबंध उसाच्या वजनानें भागतो. रसायनज्ञ मिळालेल्या पदार्थाला, जास्तींत जास्त जितका मिळणें शक्य होतें तितक्यानें भागतो. ही मर्यादा कशी ठरवितात, तें आज पाहूं.

घरोघर ठाऊक असलेली ॲस्पिरिनची गोळी घ्या. 1897 सालीं जर्मनींत बायर कंपनीच्या प्रयोगशाळेंत फेलिक्स हॉफमन ह्यांनीं हें औषध शुद्ध स्वरूपांत तयार केलें. सॅलिसिलिक आम्ल व ॲसेटिक ॲनहायड्राइड ह्यांपासून तें होतें. अणुभारांचा हिशेब केला म्हणजे 138 भाग आम्लाला 102 भाग ॲनहायड्राइड लागतें, आणि त्यांतून 180 भाग ॲस्पिरिन व 60 भाग ॲसेटिक आम्ल निघतें. दोन्ही बाजूंची बेरीज 240. निसर्गाच्या वहींत जमाखर्च चुकत नाहीं.

आतां 69 ग्रॅम आम्ल व 75 ग्रॅम ॲनहायड्राइड घेतलें असें समजा. 69 हे 138 चे निम्मे; त्यांना ॲनहायड्राइड 51 ग्रॅमच पुरे. पुरण वीस पोळ्यांचें आणि कणीक बारांची, तर पोळ्या बाराच होणार. तसें येथें आम्ल आधीं संपतें व तेंच मर्यादा घालतें. म्हणून 180 चे निम्मे, म्हणजे 90 ग्रॅम, हा सैद्धांतिक उतारा. वाळवून तोलल्यावर प्रत्यक्ष 72 ग्रॅम भरले, तर 72 ला 90 नें भागून शंभरानें गुणावें: शेंकडा 80.

उरलेले 18 ग्रॅम गेले कोठें? कांहीं आम्ल बदललेंच नाहीं, कांहीं ॲस्पिरिन धुण्याच्या पाण्यांत विरघळून गेलें, कांहीं गाळणकागदाला चिकटलें. एका पायरीवर ही तूट सोसते. पण जें औषध पांच पायऱ्यांनीं होतें, त्याच्या दर पायरीला शेंकडा 80 धरले तरी शेवटीं हातीं शेंकडा 33 च येतात. आणि वायां गेलेल्याची किंमत रोग्याच्या बिलावर चढते.

उलट कोणी शेंकडा 105 उतारा दाखविला, तर त्याची पाठ थोपटूं नये. पदार्थ ओला राहिला असेल, किंवा त्यांत ॲसेटिक आम्ल अडकलें असेल. शंभराच्या आंतला आंकडाहि डोळे झांकून घेऊं नये. न बदललेलें सॅलिसिलिक आम्ल त्यांत तोललें गेलें असेल, तर फेरिक क्लोराइडच्या थेंबानें जांभळा रंग उमटतो. शुद्ध ॲस्पिरिनला तो येत नाहीं. हें आम्ल पोटाला जाचतें, म्हणून उताऱ्याबरोबर शुद्धताहि सांगितली पाहिजे.

मान खालीं घालून आलेल्या त्या विद्यार्थ्यानें आपला खरा आंकडाच वहींत लिहावा. त्यावरून तूट कोठें आली तें शोधतां येतें. फुगविलेल्या आंकड्यावरून कांहींच शोधतां येत नाहीं.