उंबराची केंबरे आणि अंजिराची बाग

उंबराला फूल नसते असा आपला समज आहे, आणि क्वचित भेटणाऱ्या माणसास आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. वस्तुतः उंबराचे फळ म्हणजे फुलांनी आतून भरलेली पिशवीच होय. फळ फोडताच उडणारी केंबरे या फुलांचे परागीकरण करतात.

हे सांगण्याचे कारण असे. भिवंडी तालुक्यातील एका शेतकरी बंधूंच्या अंजिराची कोवळी फळे गळू लागली. परदेशात अंजिराच्या बागेत रानअंजीर लावतात असे त्यांच्या कानी आले होते. सबब त्यांनी कामवारीच्या काठचे उंबराचे फाटे आणून बागेत लावण्यास आरंभ केला. ऐकलेली गोष्ट खरी होती, परंतु आपल्या बागेस ती लागू नव्हती.

तुर्कस्तानातील स्मर्ना जातीचे अंजीर परागाविना गळून पडते. ही जात कॅलिफोर्नियात नेली, तेव्हा झाडे वाढली पण फळ टिकेना. १८९९ साली रानअंजिरात राहणारी चिमुकली माशी तेथे स्थिरावली, तेव्हा कोठे फळ पिकू लागले. तिकडे रानअंजिराची झाडे फाट्यांपासून वाढवितात व त्यांची फळे स्मर्नाच्या फांद्यांवर टांगतात. पुरंदरकडील आपले पुणे अंजीर मात्र परागाशिवायच फळ धरते. शिवाय उंबराचे केंबर उंबरापुरतेच. ते अंजिराच्या उपयोगी पडत नाही.

मग फळे का गळतात? आपल्याकडील पावसाळी, दमट हवेत पानांवर तांबेरा पडतो, पाने झडतात आणि झाड फळ पोसू शकत नाही. मुळाशी पाणी साचणे किंवा पाण्याच्या पाळ्या चुकणे, हीही कारणे असतात. येथे पावसाळी खट्टा बहार धरू नये. मिठा बहारच घ्यावा. चर काढून पाण्यास वाट द्यावी. तांबेऱ्यासाठी मोरचूद १ किलो, चुना १ किलो व पाणी १०० लिटर या प्रमाणात बोर्डो मिश्रण ताजे करून फवारावे.

तथापि उंबर निरुपयोगी नाही. त्याच्या मुळांस सूत्रकृमींचा उपद्रव फारसा होत नाही, म्हणून अंजिराचे कलम बांधण्यास उंबराचा खुंट चांगला. त्यासाठी पूर्ण पिकलेली, केंबरे असलेलीच फळे घ्यावीत. केंबरे शिरली नाहीत तर बी रुजणारे नसते. गर धुऊन बी सावलीत वाळवावे. ते फार बारीक असते, म्हणून बारीक रेतीत मिसळून गादीवाफ्यावर पेरावे व झारीने हलके पाणी द्यावे. चार पाने आल्यावर रोपे पिशवीत घ्यावीत आणि खोड पेन्सिलीएवढे जाड झाल्यावर डोळा भरावा.

त्या बंधूंचे जगलेले फाटे उपटून टाकू नयेत, ओढ्याकडील बांधावर हलवावेत, असे मी सुचविले. बागेच्या मधोमध मात्र उंबर नको. त्याची दाट सावली अंजिरास मानवत नाही.