दप्तराचें वेष्टन व दैनिक ‘ज्ञानप्रकाश’

जव्हार-मोखाड्याकडील जुनीं दप्तरें पाहतांना त्यांवरील वृत्तपत्राचें वेष्टन संग्राहकांनीं टाकूं नये. पुण्याच्या ‘ज्ञानप्रकाशा’चेंच उदाहरण घेऊं. हें पत्र इ. स. १८४९ मध्यें साप्ताहिक म्हणून निघालें, १९०४ मध्यें दैनिक झालें व १९०९ मध्यें भारत सेवक समाजाकडे आलें. हरि नारायण आपटे यांनीं त्याचें संपादन केलें. यास्तव तारीख फाटलेल्या अंकावर ‘दैनिक’ हा शब्द असल्यास तो १९०४ पूर्वींचा नव्हे, आणि त्यांत गुंडाळलेला रुमालही त्यानंतरच बांधला गेला. आंतील लेख मात्र कितीही जुना असूं शकेल. वेष्टनाचा व लेखाचा काळ एक मानूं नये. येथील पावसाळी हवेंत वृत्तपत्राचा कागद हातबनावटीच्या कागदाआधीं विरतो. म्हणून रुमाल सोडण्यापूर्वीं वेष्टनाची नोंद करावी, अशी आमची विनंती आहे.