पट्टी बदलली, रोजाचे काय?

लेस्टर, ब्रॅडफर्ड, ब्लॅकबर्न. इंग्लंडमधील या शहरांत मुस्लिमांची मोठी वस्ती आहे. सहरीच्या दस्तरखानावर खजूर आणि पाण्याच्या ग्लासाशेजारी तिथल्या अनेक घरांत आणखी एक वस्तू असते, रक्तातील साखर मोजण्याचे मीटर. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीला लावायचा आणि काही सेकंदांत येणाऱ्या आकड्यावर आजच्या रोजाचा अंदाज घ्यायचा. घरातील वडीलधाऱ्यांच्या हाताला ते मीटर इतके सवयीचे झालेले असते की चष्मा नसला तरी अडत नाही.

अशा घरी एके दिवशी दवाखान्याचे पत्र येते. यापुढे जुन्या पट्ट्या मिळणार नाहीत, दुसऱ्या कंपनीच्या मिळतील आणि त्यासाठी मीटरही नवे घ्यावे लागेल.

हा बदल रुग्णाने मागितलेला नसतो आणि बहुधा त्याच्या तब्येतीसाठीही नसतो. इंग्लंडमध्ये मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांना चिठ्ठीवरील औषधांचे शुल्क माफ असते. त्यांच्या पट्ट्यांचा भार एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा उचलते. खर्च आवाक्यात राहावा म्हणून स्थानिक आरोग्य मंडळे पसंतीच्या पट्ट्यांची यादी ठरवतात. २०२३ मध्ये एनएचएस इंग्लंडने मीटर, पट्ट्या आणि सुया यांचे देशपातळीवर मूल्यमापन करून शिफारशीही केल्या. यात गैर काही नाही. सार्वजनिक पैसा ही अमानत आहे आणि वाचलेल्या पैशातून दुसऱ्या कुणाचा तरी उपचार होतो. प्रश्न आहे तो बदल रुग्णापर्यंत कसा पोहोचतो याचा.

पट्टी दिसायला किरकोळ असली तरी मोजणीचे खरे काम तीच करते. तिच्यावरील एन्झाइमची रक्तातील ग्लुकोजशी प्रक्रिया होते, त्यातून सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि मीटर त्याचा आकडा करून दाखवते. म्हणूनच एका मीटरची पट्टी दुसऱ्यात चालत नाही. शिवाय प्रत्येक मीटरला थोडी चूक माफ असते. २०१३ च्या आयएसओ मानकानुसार साखर १०० मिलिग्रॅमच्या खाली असताना ९५ टक्के निकाल प्रयोगशाळेच्या आकड्याच्या १५ मिलिग्रॅम अलीकडे-पलीकडे आले तरी चालतात. म्हणजे खरी साखर ७५ असेल तर एक मीटर ६५ दाखवील आणि दुसरे ८५. नियमाने दोन्ही बरोबर!

रमजानमध्ये हाच फरक महागात पडू शकतो. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या रमजान मार्गदर्शिकेनुसार साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा. इफ्तारला दोन तास उरलेले असताना वरच्या दोन मीटरपैकी एक म्हणेल, ‘रोजा सोडा’. दुसरे म्हणेल, ‘चालू ठेवा’. रुग्णाने ऐकायचे कुणाचे?

त्यात पट्ट्यांची संख्या. ज्यांना जोखीम अधिक, त्यांना सहरीपूर्वी, सकाळी, दुपारी, तिसऱ्या प्रहरी, इफ्तारआधी, इफ्तारनंतर दोन तासांनी आणि अस्वस्थ वाटेल तेव्हा तपासणी सांगितलेली आहे. दिवसाला सात धरल्या तर पन्नास पट्ट्यांची डबी आठवड्यात संपते. इन्सुलिन घेऊन गाडी चालवणाऱ्यांना निघण्याआधीच्या दोन तासांत आणि पुढे दर दोन तासांनी साखर पाहणे तिथल्या परवान्याच्या नियमाने बंधनकारक आहे. पट्ट्या मोजून देणाऱ्याने हा हिशेबही मांडायला हवा.

महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या कुटुंबांत आणखी एक घोळ होतो. गावाकडून कुणीतरी मायेने मीटर पाठवते. आपल्याकडची मीटर मिलिग्रॅममध्ये आकडा दाखवतात, ब्रिटनमधील मिलिमोलमध्ये. आपले ७० म्हणजे त्यांचे ३.९. सवय नसलेल्याचा गोंधळ उडणारच.

काही रुग्णांसाठी तर पट्टीचा प्रकार जिवावर बेतू शकतो. पोटातून डायलिसिस करणाऱ्या काही रुग्णांच्या द्रावणात आयकोडेक्स्ट्रिन असते. त्यामुळे एका विशिष्ट एन्झाइमच्या पट्ट्या साखर आहे त्याहून जास्त दाखवतात आणि इन्सुलिन गरजेपेक्षा अधिक घेतले जाते. अमेरिकेच्या एफडीएने २००९ मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला होता. अशा रुग्णाची पट्टी केवळ पत्र पाठवून बदलणे धोक्याचे आहे.

सगळ्यात मोठे नुकसान मात्र आवाज न करता होते. नवे यंत्र जमत नाही म्हणून आजोबा ते कपाटात ठेवून देतात. जोडीला ‘रक्त काढले तर रोजा तुटतो’ हा गैरसमज असतोच. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे ही मार्गदर्शिका स्पष्ट सांगते. तरीही तपासणी थांबते आणि मग भरवसा उरतो तो केवळ अंदाजाचा.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. रमजान तोंडावर असताना बदल टाळावा. नवे मीटर हातात देऊन शिकवावे. कंट्रोल सोल्युशनने ते तपासून घ्यावे, जमल्यास काही दिवस दोन्ही आकडे शेजारी लिहून डॉक्टरांना दाखवावेत. वैद्यकीय कारण असेल तर डॉक्टर यादीबाहेरची पट्टीही लिहून देऊ शकतात. रुग्णाने ते संकोच न करता विचारावे.

इस्लामने आजाऱ्याला रोजातून रुखसत, म्हणजे सवलत, दिली आहे. ती नेमकी कधी घ्यायची, हे मधुमेहीला बोटाच्या टोकावरचा एक थेंब सांगतो. त्या थेंबाचा आकडा विश्वासाचा असावा, एवढेच त्याचे मागणे आहे.