जत्रेतला खलनायक पारखून घ्या

कौंडण्यपुरात वर्धा नदीकाठी कार्तिकाची यात्रा भरली, की रुक्मिणीमातेचं दर्शन उरकलेल्या आईबापांना लेकरं खेळण्यांच्या दुकानांकडे ओढू लागतात. फुगे-भिंगऱ्यांच्या शेजारी हल्ली एक राखाडी रोबोही मांडलेला दिसतो. हातपाय मुडपले की रणगाडा, उलगडले की लाल डोळ्यांचा धिप्पाड यंत्रमानव. हा ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या खेळण्यांच्या मालिकेतला खलनायक मेगाट्रॉन किंवा त्याची नक्कल. “घ्या ना भाऊ, गाडी बी होते अन् मानूस बी होते,” असं दुकानदार सांगतो. ते खरंच असतं. पाहायचं ते एवढंच, की किती वेळा होते.

दुष्टाचं खेळणं लेकराच्या हाती द्यावं का, अशी शंका घरातली वडीलधारी मंडळी काढतात. बेलाशक द्यावं. या गावाची कथाच मुळी रुक्मिणीचा भाऊ रुक्मी याच्याशिवाय उभी राहत नाही. बहिणीचं लग्न शिशुपालाशी लावायचा हट्ट त्याने धरला, कृष्णाच्या रथामागे धावला, हरला आणि लाजेने कुंडिनपुरात, म्हणजे या गावी, परतलाच नाही. भोजकट वसवून तिथेच राहिला. विरोधक तोलामोलाचा असला तरच गोष्टीत दम येतो, हे इथल्या लेकरांना कीर्तनातून आधीच ठाऊक असतं.

मेगाट्रॉनची स्वतःची कुळकथाही ऐकण्यासारखी आहे. तो मुळात खलनायक नव्हताच. जपानच्या टकारा कंपनीच्या ‘मायक्रो चेंज’ मालिकेत वॉल्थर पी-३८ या पिस्तुलाचा रोबो होत असे. अमेरिकेच्या हॅस्ब्रोने ते खेळणं घेतलं आणि 1984 साली ‘ट्रान्सफॉर्मर्स’मध्ये त्याला डिसेप्टिकॉन या दुष्ट रोबोंच्या टोळीचा म्होरक्या केलं. नाव सुचवलं मार्व्हल कॉमिक्सच्या बॉब बुडियान्स्की यांनी. हे नाव फार भीतीदायक वाटतं, असं कंपनीचं म्हणणं पडलं. तो खलनायकच आहे, भीती वाटायलाच हवी, हे त्यांनी पटवून दिलं. त्या पिस्तुलाची मूठ दुभंगून पाय व्हायचे आणि वरची दुर्बीण हातावर चढली की तोफ व्हायची. कल्पना अफलातून; पण रोबो किडकिडीत दिसायचा, राजासारखा नाही.

पुढे खेळण्यातली पिस्तुलं खरी वाटू नयेत म्हणून अमेरिकेत 1988 साली कायदा झाला आणि नळीच्या टोकाला भगभगीत नारिंगी रंग सक्तीचा ठरला. हुबेहूब पिस्तूल होणारं खेळणं विकणं अवघड होत गेलं. 1993 मध्ये मेगाट्रॉन हिरवा रणगाडा झाला, 2007 च्या चित्रपटात परग्रहावरचं विमान. माझ्या मते रणगाडाच त्याला शोभतो. जाड अंग, रुंद खांदे आणि हातावरची तोफ यांना त्यात आपसूक जागा मिळते. ‘ट्रान्सफॉर्मर्स’च्या ‘सीज’ मालिकेतला मेगाट्रॉन हातात घेतला की हे लगेच पटतं.

आता ते खेळणं जवळून पाहू. अंग कडक एबीएस प्लॅस्टिकचं असतं, सांध्यांत गोळी-वाटी किंवा दातेरी खटके. खांदा हळू फिरवा. चांगल्या खेळण्यात ‘टक् टक्’ असा आवाज येतो आणि तोफेच्या वजनानेही हात खाली येत नाही. नकलेत हात लोंबतो, नाहीतर सांधा इतका घट्ट असतो की पिनेभोवती प्लॅस्टिक पांढुरकं पडतं. ती पांढरी रेघ म्हणजे तडा जायची सुरुवात. मग रणगाडा करून उलटा धरा: खुंट्या खाचांत नीट बसल्या असतील तर हलवल्यावर काही सुटत नाही. शेवटी रोबो एका पायावर उभा करून बघा. चकाकता रंग आणि स्टिकर यांच्यावर भुलू नका; सांधे खेळत राहतात, स्टिकर निघून जातो.

यापेक्षा मोठी गोष्ट सुरक्षिततेची. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. आयएस 9873 या मानकात टोकदार कडा, सुटणारे तुकडे, पेट घेण्याचा धोका आणि शिशासारखे विषारी घटक यांची तपासणी येते. तीन वर्षांखालच्या बाळाच्या खेळण्याचा सुटा तुकडा 31.7 मिलिमीटर व्यासाच्या चाचणी-नळकांड्यात पूर्ण मावला, तर ते खेळणं नापास. रोबोची तोफ, मूठ, पंजा हे नेमके तसलेच तुकडे असतात. म्हणून मोठ्या भावाचा मेगाट्रॉन पाळण्यातल्या बाळापासून दूरच ठेवावा.

तेव्हा यात्रेत पैसे देण्याआधी दुकानदाराला एवढंच म्हणा: माझ्यासमोर दोनदा रणगाडा करून दाखवा, दोनदा माणूस. तेवढ्यात खोक्यावर आयएसआय चिन्ह आणि त्याखालचा ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक शोधा, ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तो जागीच पडताळता येतो. क्रमांक नसेल तर लेकरू कितीही रडलं तरी ते खेळणं घेऊ नका.