एकट्यानें युरोप : एका बेताची हकीकत

गेल्या माघांत मीं एक वाक्य उच्चारलें, आणि आमच्या करंजाड्याच्या घरांत दोन दिवस कोणी मोकळेपणानें बोललें नाहीं. "यंदा मी युरोपांत जाणार, आगगाडीनें गांवोगांव हिंडणार, आणि एकटा जाणार," एवढेंच तें वाक्य. वय अडुसष्ट, शिक्षण जुन्या अकरावीची मॅट्रिक आणि पुढें पाठशाळेंतलें संस्कृत, इंग्रजी बोलण्याचा सराव बेताचा, जर्मन-फ्रेंचचें तर नांवच नको. आजवर एकट्यानें केलेला माझा सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे काशी. त्यांत गेल्या आषाढांत मला जिन्यावर एकदां घेरी आलेली. तेव्हां घरच्या मंडळींचें मौन अकारण होतें, असें मी म्हणणार नाहीं.

पण कारण माझ्यापाशींहि होतें. छत्तीस वर्षें मीं मुलांना रूपें घोकावयास लाविलीं, तीं डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या मार्गोपदेशिकेवरून. हे भांडारकर १८८६ सालीं व्हिएन्ना येथें भरलेल्या प्राच्यविद्यापरिषदेस जातीनें गेले होते. तत्पूर्वीं, १८७४ सालीं, लंडनच्या परिषदेस त्यांचा नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवरील निबंध गेला. स्वतः ते गेले नाहींत. म्हणजे निबंधामागून निबंधकाराला युरोपांत पोंचण्यास बारा वर्षें लागलीं, आणि तेव्हां त्यांचें वय एकोणपन्नास होतें. त्या काळीं समुद्रोल्लंघनाचा दोष आणि प्रायश्चित्त यांचा घोळ असे. आज प्रायश्चित्त आधींच घ्यावें लागतें. त्याला व्हिसा म्हणतात.

ज्या पंडितांचीं नांवें ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर वाचण्यांत माझें आयुष्य गेलें, ते ज्या गांवांत राहिले तीं गांवें एकदां डोळ्यांनीं पहावीं, एवढाच माझा हेतु. आमच्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत पंधरा वर्षें काढून पातंजल महाभाष्याची आवृत्ति सिद्ध करणारे कीलहॉर्न पुढें गॉटिंगेनला गेले. त्याच विद्यापीठानें १८८५ सालीं भांडारकरांना डॉक्टर ही पदवी दिली. रोथ ट्युबिंगेनला होते. त्यांच्याबरोबर सेंट पीटर्सबर्गचा सात खंडांचा कोश रचणारे ब्योटलिंक अखेरीस लाइपझिगला येऊन राहिले. विंटरनित्झ प्रागला, आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतून गेलेले ब्यूलर व्हिएन्नाला. पॅरिसला तर १८१४ सालींच संस्कृताचें अध्यासन निघालें होतें. नकाशावर या ठिपक्यांना रेघ जोडली कीं एक सरळसा लोहमार्गच तयार होतो.

चिरंजीवांचें म्हणणें, सहल कंपनीबरोबर जावें. जेवणाची चिंता नाहीं, सामानाची नाहीं. सल्ला चुकीचा नव्हे. परंतु त्या मंडळींच्या पत्रकांत आयफेल मनोरा आहे, बर्फाचे डोंगर आहेत, गॉटिंगेन नाहीं. धाकटे बंधु म्हणाले, "अण्णा, १८५७ सालीं आपल्या जिल्ह्यांतले वरसईचे गोडसे भटजी उत्तरेकडे निघाले, तेहि चुलत्यांना बरोबर घेऊन निघाले. आणि तुम्ही एकटे!" मीं उत्तर दिलें कीं, भटजींना वाटेंत बंड भेटलें, मला फार तर रेल्वेचा संप भेटेल. हा विनोद कोणालाहि रुचला नाहीं.

घरांतून मात्र निराळाच प्रश्न आला. "अहो, पैसे तुमचे आहेत, पाय तुमचे आहेत. पण तिकडे घेरी आली तर तुमचें नांव तरी कोणाला ठाऊक असेल काय?" याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. दुसऱ्या दिवशीं मी डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं सर्व तपासण्या करविल्या, एक गोळी बदलली, आणि जाण्यास हरकत नाहीं, पण रात्रीची झोप मोडूं नका, असें बजाविलें. त्यामुळें रात्रीच्या गाड्या बेतांतून गेल्या. लंडन-ऑक्सफर्डहि गेलें, कारण ब्रिटनचा परवाना वेगळा व त्याचा खर्चहि वेगळा. बॉन वगळतांना मात्र जिवावर आलें. नऊ गांवांचीं सहा झालीं : पॅरिसला तीन रात्री, ट्युबिंगेनला दोन, गॉटिंगेनला तीन, लाइपझिगला दोन, प्रागला दोन, व्हिएन्नाला चार.

परवान्याविषयीं एक गोष्ट सांगण्याजोगी आहे, कारण तींत आमची फसगत होणार होती. शेंगेन करारांत आज २९ देश आहेत आणि एका परवान्यावर त्या सर्वांत हिंडतां येतें. विमान पॅरिसला उतरणार, म्हणून चिरंजीव फ्रान्सचा अर्ज भरूं लागले. पण नियम असा कीं, जेथें मुक्काम सर्वांत अधिक त्या देशाकडे अर्ज करावयाचा. मुक्काम सारखे असतील तरच प्रथम प्रवेशाचा देश धरावयाचा. माझ्या रात्री मोजल्या तर जर्मनीच्या सात! तेव्हां अर्ज जर्मनीकडे. प्रवासापूर्वीं सहा महिन्यांच्या आंत, पण निदान पंधरा दिवस आधीं तो द्यावा लागतो. शुल्क ९० युरो. शिवाय निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा पाहिजे. विम्याचा हप्ता माझ्या वयाला जड आहे. तो मीं मुकाट्यानें मान्य केला, कारण घरांतून आलेल्या प्रश्नाचें अर्धें उत्तर त्यांत होतें. उरलेलें अर्धें उत्तर म्हणजे इंग्रजी, जर्मन आणि फ्रेंच अशा तिन्ही भाषांत नांव, रोग, औषधें व घरचा दूरध्वनि लिहिलेलें कार्ड. नातीनें तें तयार करून माझ्या खिशांत घातलें.

तिकिटांचा विचार करतां दोन मार्ग दिसले. एक युरेलचा पास. तो युरोपाबाहेरच्या रहिवाशांसाठीं असून ३३ देशांत चालतो आणि साठी उलटलेल्यांना त्यांत सवलत आहे. मला गाडींत बसावयाचें तें अवघे पांच दिवस, आणि महिन्याभरांत कोणतेहि पांच दिवस प्रवासाचे, असा पास मिळतो. दुसरा मार्ग सुटीं तिकिटें आधींच घेण्याचा. तीं स्वस्त पडतात खरीं, पण बहुधा त्याच गाडीला बांधलेलीं असतात. गाडी बदलली कीं पैसे बुडाले. मीं कागदावर दोन्ही हिशेब मांडले. सुटीं तिकिटें थोडीं स्वस्त निघालीं, तरी मीं पास पत्करला. थकवा आल्यास जर्मनींतल्या बहुतेक गाड्यांत आरक्षणावांचून पुढच्या गाडीनें जातां येतें, हें या वयांत मोलाचें आहे. पॅरिसहून श्टुटगार्टला जाणाऱ्या वेगवान गाडीला मात्र पास असूनहि जागा आगाऊ राखून ठेवावी लागते. कांहीं गाड्या वाटेंत दुभंगून डबे दोन दिशांना जातात, म्हणून डब्यावरचें गांव वाचल्याशिवाय चढूं नये. पॅरिसलाहि, आपल्या मुंबईप्रमाणें, स्थानकें अनेक. माझी गाडी पूर्वेच्या स्थानकावरून सुटणार आणि लांबच्या इतर गाड्या भलत्याच टोंकाहून. ड्रेस्डेनहून प्रागकडे जातांना एल्ब नदी डाव्या हाताला राहते. तेवढी डावी खिडकी मिळावी, अशी इच्छा आहे.

आतां सामान. तिकडे हमाल मिळेल अशी आशा ठेवूं नये. म्हणून मीं एके सकाळीं पंधरा किलोची बॅग भरून करंजाड्याहून पनवेल स्थानकावर नेली आणि पुलाच्या पायऱ्या चढूं लागलों. मध्यावर हात लुळे पडले. एका अनोळखी मुलानें, न विचारतां, ती वर नेऊन ठेविली व "काका, कोणत्या गाडीला?" असें विचारलें. कोणत्याहि नाहीं, हें सांगतांना मला फार ओशाळल्यासारखें झालें. घरीं येऊन धोतरें, दोन पुस्तकें आणि लाडवांचा डबा काढला. चौथ्या खेपेस बॅग नऊ किलोंवर आली, आणि ती घेऊन मी पनवेलहून ठाण्यास, तेथून गाडी बदलून दादरास, व परत, असा नातीच्या भ्रमणध्वनीवरील वेळापत्रकावर विसंबून एकटा जाऊन आलों. ठाण्यास एकदां चुकीच्या फलाटावर उभा राहिलों, गाडी डोळ्यांदेखत गेली, पुढची मिळाली. घरीं हें मीं लपविलें नाहीं. उलट, त्या दिवसापासून सौभाग्यवतींचा विरोध कमी झाला. चुकून पुन्हां घरीं येतां येतें, हें त्यांना दिसलें असावें.

त्यांच्या अटी तीन. रोज रात्रीं एकदां बोलावयाचें. अंधार पडल्यावर नव्या गांवांत पाऊल ठेवावयाचें नाहीं. आणि डॉक्टरांनीं पुन्हां तपासून नको म्हटलें तर, तिकिटाचे पैसे गेले तरी, बेत रद्द. तिन्ही मीं लिहून दिल्या. विमानाचें तिकीटहि, थोडे पैसे अधिक देऊन, रद्द करतां येईल असेंच घेतलें आहे, कारण परवाना अजून हातीं यावयाचा आहे. पुढच्या मंगळवारीं बोटांचे ठसे देण्यास मुंबईस जाणें आहे.

धाकटे बंधु अजून अनुकूल नाहींत. परंतु चार दिवसांपासून रात्रीं जेवणें झाल्यावर ते माझें वेळापत्रक पेन्सिल घेऊन तपासीत बसतात. काल त्यांनीं मला हांक मारली. "अण्णा, गॉटिंगेनला तुम्ही रविवारीं दुपारीं पोंचतां. जर्मनींत रविवारीं दुकानें बंद असतात. भाकरी कोठून आणणार?" मीं पाहिलें, तें खरेंच होतें. मग पॅरिसची एक रात्र कमी करून आम्हीं दोघांनीं मिळून सारें एक दिवस अलीकडे ओढलें.