गोळ्यांचे सहा महिने, भट्टीचे सहा महिने

थुंकी नको, बेडका हवा, हे समजावण्यातच आशाताईंचा निम्मा वेळ जातो. महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारांवरच्या कातकरी वाड्यांत क्षयाच्या तपासणीला जायचे तर उन्हे वर यायच्या आत पोचावे लागते. नंतर माणसे लाकडाला, खेकड्या-मासळीला, नाहीतर कुणाच्या तरी शेतावर पांगतात. "दादा, आधी चूळ भरा. मोठा श्वास घ्या अन् छातीतून खाकरून काढा." दादा घराबाहेर मोकळ्यावर उभा राहून डबीत खाकरतो. नुसती फेसाळ लाळ आली तर पुन्हा. घट्ट, पिवळसर पडले की झाकण आवळायचे, डबीवर नाव घालायचे. एक नमुना तिथल्या तिथे, दुसरा पहाटे उठल्याउठल्याचा.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळची कणकण, उतरत चाललेले वजन ही क्षयाची लक्षणे. पण वाडीवर खोकल्याला कारणे तयार असतात. कुणी म्हणते विडीने, कुणी म्हणते कोळशाच्या धुराने.

दारूचे नाव मात्र कुणी आपण होऊन काढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दारूच्या आहारी गेलेल्या माणसाला क्षय होण्याचा धोका सुमारे तिप्पट असतो. दारूने प्रतिकारशक्ती खचते, ताटातले अन्न कमी होते. क्षय उष्ट्या पेल्यातून पसरत नाही, हवेतून पसरतो. म्हणूनच गुत्त्यावरच्या कोंदट खोलीत दाटीवाटीने बसणे पेल्यापेक्षा घातक. शिवाय आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड या औषधांचा भार यकृतावर पडतो, आणि दारूचाही तिथेच. "आज घेतलीय, गोळी उद्या," असा हिशेब पिणारा करतो. दारू सोडाच, पण एखाद्या दिवशी पाय घसरला म्हणून आपल्या मनाने औषध थांबवू नका, आणि उलट्या झाल्या किंवा डोळे पिवळे दिसले तर लगेच दवाखाना गाठा, असे दोन्ही बाजूंनी सांगावे लागते.

हे व्यसन कातकऱ्यांच्या रक्तातच आहे, असे म्हणणारे गावोगाव भेटतात. इतिहास वेगळे सांगतो. खैराच्या लाकडापासून कात पाडणारी ही जमात. इंग्रजांच्या वनकायद्यांनी जंगल हातचे गेले. 1892 च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) या जिल्ह्यांत दारूसाठी लागणाऱ्या मोहाच्या फुलांवरही बंधने आली. सरकारला उत्पन्न हवे होते ते परवान्याच्या दारूदुकानांतून. आज कातकरी ही कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासह महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक आहे.

जंगल गेले आणि मुकादमाची उचल आली. पावसाळ्यात घरात दाणा नसताना घेतलेली ही रक्कम दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर फेडायची. कुटुंबच्या कुटुंब निघते, ते पावसाच्या तोंडावर परतते. साध्या क्षयाचा उपचारही सहा महिन्यांचाच: दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. दोन आठवड्यांत खोकला कमी होतो, अंगात जोर येतो, आणि माणूस बरा झालो म्हणून ट्रकमध्ये चढतो. गोळ्या मध्येच सुटल्या की जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. मग उपचार लांबतो आणि अवघड होतो.

औषधाइतकेच अन्न महत्त्वाचे. झारखंडमधल्या एका मोठ्या अभ्यासात रुग्णाच्या घरच्यांना शिधा दिल्यावर त्यांच्यातले क्षयाचे प्रमाण 39 ते 48 टक्क्यांनी घटले. हा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. निक्षय पोषण योजनेत रुग्णाला महिन्याला 500 रुपये मिळत, नोव्हेंबर 2024 पासून ते 1,000 झाले. पण ते बँक खात्यात येतात, आणि हे खाते चालू आहे की नाही तेही आशाताईच बघतात.

निक्षय प्रणालीत नोंद झालेला रुग्ण देशातल्या दुसऱ्या आरोग्य केंद्राकडे वर्ग करता येतो. त्यासाठी तो कुठे निघाला हे आधी कळायला हवे. दिवाळीआधी कोण कुठल्या भट्टीवर जाणार याची यादी मुकादमाकडे तयार असते. तशीच यादी प्राथमिक आरोग्य केंद्राकडेही असली पाहिजे.