वाटणीआधीचा प्रश्न : रॉबर्ट नॉझिक
(लेखांक ६)

तळच्या लोकांच्या हिताची असेल तीच विषमता न्याय्य, हा जॉन रॉल्स यांचा न्यायविचार आपण गेल्या आठवड्यात पाहिला. त्याला सर्वांत धारदार उत्तर मिळालं ते हार्वर्डच्या त्यांच्याच तत्त्वज्ञान विभागातून. रॉल्स यांचं ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ १९७१ साली आलं. तीनच वर्षांनी त्यांचे तरुण सहकारी रॉबर्ट नॉझिक यांनी ‘अनार्की, स्टेट अँड युटोपिया’ लिहिलं.

नॉझिक यांचा जन्म १९३८चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. वडील रशियातून आलेले ज्यू. कोलंबिया विद्यापीठात असताना नॉझिक डाव्या विद्यार्थी चळवळीत होते. पुढे प्रिन्स्टनला, सरकारचा हस्तक्षेप कमीत कमी असावा असं मानणाऱ्या स्वातंत्र्यवाद्यांशी वाद घालता घालता त्यांना मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते अर्थतज्ज्ञ हायेक वाचावे लागले, आणि हळूहळू त्यांचंच मत पालटलं.

माणसाचे हक्क आधी आणि राज्यसंस्था नंतर, ही त्यांची भूमिका. बळजबरी, चोरी, फसवणूक यांपासून रक्षण करावं, करार पाळले जातील हे पाहावं. राज्याचं काम इथेच संपतं. श्रमाच्या कमाईवरचा कर त्यांना सक्तीच्या मजुरीच्या पंक्तीतला वाटे.

त्यांचं गाजलेलं उदाहरण बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनचं आहे. तुम्हाला न्याय्य वाटते तशी संपत्तीची वाटणी झाली आहे, असं धरा. आता चेंबरलेनचा खेळ पाहायला येणारा प्रत्येक जण तिकिटाच्या रकमेतले पंचवीस सेंट खुशीनं त्याच्यासाठी टाकतो. हंगामात दहा लाख प्रेक्षक आले, म्हणजे त्याच्याकडे अडीच लाख डॉलर जमले. मूळ वाटणी विस्कटली. पण अन्याय कुणी, कुणावर केला? ती वाटणी तशीच टिकवायची, तर लोकांच्या राजीखुशीच्या व्यवहारांत सरकारला सतत हात घालावा लागेल.

म्हणून कुणाकडे किती आहे, यापेक्षा ते आलं कसं, हे नॉझिक विचारतात. मालकी रास्त मार्गानं मिळाली आणि रास्त मार्गानं हातोहात गेली, तर विषमता कितीही असो, ती अन्याय्य नाही.

रास्त मिळवणूक आणि रास्त हस्तांतर या पहिल्या दोन तत्त्वांपर्यंतचे नॉझिक सगळ्यांना ठाऊक असतात. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं तिसरं तत्त्व : परिमार्जन. मुळात मालकीच लुटीतून, फसवणुकीतून किंवा गुलामगिरीतून आली असेल तर? मग आजच्या मालकाला त्यांच्या सिद्धान्ताचा आधार उरत नाही. जुने अन्याय फार मोठे असतील, तर ते दुरुस्त करण्यापुरतं अधिक व्यापक राज्य लागू शकेल, असं नॉझिक स्वतः मान्य करतात. मात्र हे तत्त्व त्यांनी तपशिलात मांडलंच नाही. ज्या अमेरिकेची जमीन मूळ रहिवाशांकडून हिसकावली गेली आणि शेती गुलामांनी कसली, तिथे बसून लिहिलेल्या ग्रंथातली ही फार मोठी उणीव आहे.

पुस्तकाला १९७५चा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला, पण नॉझिक त्याच बुरुजावर ठाण मांडून बसले नाहीत. ज्ञान, इच्छास्वातंत्र्य, विवेक अशा विषयांकडे ते वळले. १९८९च्या ‘द एक्झामिन्ड लाइफ’मध्ये आपली जुनी भूमिका अपुरी होती, असं त्यांनी मोकळेपणी लिहिलं. २००२ साली कर्करोगानं त्यांचं निधन झालं.

चेंबरलेनच्या उदाहरणावर मार्क्सवादी तत्त्वज्ञ जेराल्ड कोहेन यांनी घेतलेले आक्षेप पुढच्या लेखांकात पाहू. तोवर, नॉझिकना श्रीमंतांचे वकील म्हणणाऱ्यांनी आणि करकपातीसाठी त्यांचा दाखला देणाऱ्यांनीही मूळ ग्रंथाचं सातवं प्रकरण अवश्य वाचावं.